खिळ्याची उंची

मला पाण्याबद्दल विचारलेलं आवडत नाही. पावसाळा तोंडावर आला की आमच्या शिवमंदिराकडच्या गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून विचारतात, "ताई, तुम्ही नकाशाच्या लाइनमधल्या ना? यंदा पाणी कुठवर येईल हो?" मी "मला काय ठाऊक" म्हणते आणि पोळ्या लाटायला आत जाते. त्यांना मी शिष्ट वाटते. वाटू दे. एकदा मी पाणी कुठवर येतं ते अगदी इंचात लिहून दिलं होतं, आणि त्याची फळं माझ्या आईने भोगली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून बाहेर पडले. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये आम्ही चौघं राहायचो: आई, वडील, दादा आणि मी. मला नोकरी लागली ती उल्हासनगर कॅम्प एकमध्ये, एका खाजगी इंजिनिअरच्या ऑफिसात. खाली पडद्याच्या कापडाचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. खिडकीजवळचा ड्रॉइंग बोर्ड माझा. साहेब फार गोड बोलायचे. रागावले तरी "बाळ" म्हणायचे. त्या गोडव्याचा मला पुढे इतका तिटकारा आला की अजूनही कुणी "बाळ" म्हटलं की माझं डोकं उठतं.

आमच्या घरात त्या काळी एकच विषय असायचा, स्वतःचं घर. वडील रिटायर झाले की क्वार्टर सोडावी लागणार होती. आणि ही नुसती सोयीची गोष्ट नव्हती. आमच्या मूळ गावात आमची वस्ती खालच्या अंगाला, ओढ्याकडेला. गावाचं सांडपाणी आमच्याकडे यायचं, पुराचं पाणीही आधी आमच्याकडे यायचं. आजोबांनी दीक्षा घेतली, वडिलांनी गाव सोडलं, पण जमिनीचा एक तुकडा आमच्यापैकी कुणाच्या नावावर कधी झाला नाही. आई म्हणायची, "मला बंगला नको. दोन खोल्या द्या, पण वरच्या अंगाला द्या. खालच्या अंगाला राहून जीव विटला माझा." ती हे इतक्या वेळा म्हणायची की आम्ही तिची नक्कल करून तिला चिडवायचो. आज ती नक्कल आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बदलापूर तेव्हा नुकतं फुगायला लागलं होतं. मुंबईत जागा न मिळालेली माणसं कर्जत लाइनवर पुढे पुढे सरकत होती. कुळगावच्या खाली, जुनं गाव आणि उल्हास नदी यांच्या मध्ये, भाताची सखल शेतं होती. तिथे सात इमारती बांधायचं काम एका पार्टीने आमच्या साहेबांना दिलं. पार्टी म्हणजे बिल्डर. आमच्या धंद्यात बिल्डरला कुणी बिल्डर म्हणत नाही. नकाशावर पूररेषा दाखवायची होती, म्हणजे मोठ्या पुरात पाणी जिथवर येतं ती निळी रेघ. रेघेच्या नदीकडच्या बाजूला इमारत चालत नाही, एवढी साधी गोष्ट.

ती रेघ काढायची साहेबांची पद्धत अशी. शेताच्या पातळ्या घ्यायला त्यांनी लेव्हलचं यंत्र एका दिवसासाठी आणलं आणि संध्याकाळी परत पाठवलं. गावातल्या पुराच्या खुणांसाठी त्यांनी मला पाठवलं, टेप देऊन. "बाळ, म्हाताऱ्या माणसांना विचार, पाणी कुठवर आलं होतं. जमिनीपासून उंची मोज आणि वहीत लिही. गावाची जमीन आणि शेत एकाच पातळीत आहेत, आपण तेवढीच उंची शेतावर धरू." मला तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं होतं.

गावात मला एक आगरी म्हातारी भेटली. तिच्या अंगणाच्या कडेला आंब्याचं जुनं झाड होतं आणि त्याच्या खोडात हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीचा लोखंडी खिळा ठोकलेला होता. तिच्या पाहण्यातल्या सगळ्यात मोठ्या पुराची ती खूण. खोड भरत गेलं होतं, खिळ्याचं नुसतं डोकं बाहेर दिसत होतं.

"मी नवी नवरी व्हती गो," ती म्हणाली. "पानी आयला तवा मी आंगनात हुबी. मना हितवर लागला." तिने छातीवर हात ठेवला. "सासऱ्यानं मना उचलून वट्यावर ठेवली. दुसरे दिशी ह्यो खिला ठोकला."

मी खिळ्याकडे पाहिलं. तो माझ्या गुडघ्याच्या जरा वर होता. टेप लावली. अंगणाच्या जमिनीपासून बरोबर वीस इंच. मी मनात हसले. माणूस म्हातारं झालं की त्याच्या आठवणीतलं पाणी चढत जातं, असं काहीसं शहाणपण मला सुचलं. तेवीस वर्षांची होते आणि हातात स्टीलची टेप होती, मग काय विचारता.

म्हातारी आणखीही बोलत होती. तिचं माहेर कल्याणच्या खाडीकडचं. तिला भरती-ओहोटीचं गणित पाठ होतं. तिथी मोजायची आणि तिची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता समुद्राची भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत यायला त्याला आणखी वेळ लागतो. "खारी भरलेली असली का नदी हुबी ऱ्हाते," ती म्हणाली. "वरून पानी येतंय, खाली उतराला जागाच नाय. अवसेचा पाऊस लय वाईट." भरतीचं पाणी काही बदलापूरपर्यंत येत नाही, हे मला शाळेपासून माहीत होतं. मी मान डोलावली आणि त्यातलं काहीच लिहून घेतलं नाही. वहीत लिहिलं: खिळा, जमिनीपासून वीस इंच. खाली माझी सही.

साहेब वही बघून खूश झाले. वीस इंच म्हणजे काहीच नाही. दोन फुटांचं जोतं घातलं की सातही इमारती कोरड्या, म्हणून जोत्याखाली राहणारं पाणी त्यांनी पुरात धरलंच नाही. निळी रेघ नदीच्या पार जवळ गेली. मी ती ट्रेसिंगवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या कागदावर काढली, चांगली सफाईदार काढली.

पावसाळा संपला आणि प्लॉटच्या कोपऱ्यांवर खुंट्या मारताना मापं धरायला मी पुन्हा कुळगावला गेले. जाता जाता म्हातारीकडे पाणी प्यायला थांबले. तिच्या दोन सुना अंगण करत होत्या. पावसाने धुपलेल्या अंगणावर नदीकडची माती आणून पसरलेली, पाणी शिंपडलेलं, आणि दोघी लाकडी चोपण्याने ती चोपत होत्या. आगऱ्यांकडे हे दर वर्षी होतं. दिवाळीआधी अंगण नवं करायचंच. जिचं अंगण उखडलेलं तिला चार बायका नावं ठेवणार. मी कौतुकाने बघत उभी होते. बघता बघता माझी नजर खिळ्याकडे गेली. तो आणखी खाली आला होता. बोटभरच, पण आला होता.

मी म्हातारीला विचारलं, तुम्ही नवरी होतात तेव्हा हे अंगण इथेच होतं का. ती माझ्याकडे खुळ्या माणसाकडे बघावं तसं बघायला लागली.

"तवा आंगन खाली व्हता गो बाय. दर साल आमी माती टाकताव, चोपताव. आंगन वर आयला, खिला तिथंच ऱ्हायला."

तिने सुनेकडून पहार मागवली आणि खोडाशेजारी मला खणून दाखवलं. चपातीचे पदर सुटावेत तसे मातीचे थर सुटत होते, एकावर एक, प्रत्येक वर्षाचा एक. खाली जुनी काळी जमीन लागली तेव्हा मी टेप लावली. बेचाळीस इंच. तेरा-चौदा वर्षांच्या नवरीची छाती तिथेच येणार. म्हातारी एक शब्दही वाढवून बोलली नव्हती. खाली शेतात कुणी अंगण चोपत नाही. शेत होतं तिथेच होतं, त्या काळ्या जमिनीच्या पातळीत. म्हणजे शेतावर पाणी वीस इंच नव्हे, बेचाळीस इंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं. चूक माझी होती आणि मी ती कबूल करत होते, मला वाटलं ते शाबासकी देतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझी वही उघडली.

"बाळ, इथे काय लिहिलंय?"

"वीस इंच."

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सही?"

मी पानावरच्या सहीवर बोट ठेवलं. "म्हातारीची आठवण हा काही पुरावा नव्हे," ते म्हणाले. "वही हा पुरावा. आणि वही तुझी आहे." मी खाडीचं आणि अमावस्येचंही सांगून पाहिलं. ते मनापासून हसले. "समुद्र कुठे, बदलापूर कुठे! तू उद्या माथेरानला भरती आणशील."

त्यांनी वहीतलं पान बदललं नाही आणि मला काढलंही नाही. उलट त्याच आठवड्यात निळी रेघ अजून थोडी नदीकडे सरकवायला सांगितली, कारण पार्टीला बागेसाठी जागा हवी होती. ट्रेसिंगवरची शाई अर्ध्या ब्लेडने खरवडून काढतात. हलक्या हाताने खरवडावं लागतं, नाहीतर कागद फाटतो. माझा हात हलका होता. मी रेघ खरवडली आणि नवी काढली. हे मी केलं. कुणी माझा हात धरला नव्हता. नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळणार, घराची तयारी चालू आहे, वडील वर्षभरात रिटायर होणार, ही सगळी कारणं खरी होती. खऱ्या कारणांनी केलेलं पाप कमी होत असेल तर मला माहीत नाही.

प्रिंट काढायला मी खाली कोपऱ्यावरच्या सिंधी काकांकडे जायचे. त्यांच्या दुकानात अमोनियाचा असा भपकारा असायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांनी ट्रेसिंग मशीनवर ठेवलं आणि थांबले.

"बेटा, परसों जो प्रिंट निकाला उसमें ये ब्लू लाइन ऊपर थी ना?"

"हां. बदलली साहेबांनी."

"नदीने बदलली का साहबने?" त्यांनी मराठीत विचारलं आणि मशीन सुरू केलं. "मेरेको क्या. अपना काम छापने का है." साऱ्या प्रकरणात ती रेघ सरकलेली बघणारा तेवढा एकच माणूस होता. प्लॅन पुढे पास झाला. कसा, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात आमच्या विहारात एका कॉलेजच्या प्राध्यापकांचं भाषण ठेवलं होतं. पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळतं आहे, समुद्र हळूहळू चढणार, किनाऱ्यावरच्या शहरांनी आतापासून तयारी करायला हवी, असं ते सांगत होते. खाडीकाठची तिवरं तोडू नका, ती भरतीचा जोर मोडतात. खाडीलगतची सखल खाजणं बुजवू नका, पुराच्या पाण्याला पसरायला तेवढीच जागा असते. भाषण संपल्यावर कुणीतरी मागून विचारलं, "सर, अंबरनाथला बीच कधी येणार?" सगळे हसले. मीही हसले असणार. पण खुर्चीत मला धड बसवत नव्हतं. कारण कल्याणच्या खाडीकडेला तिवरं तोडून, राडारोडा टाकून गोदामं उभारायचे दोन नकाशे तेव्हा माझ्याच बोर्डावर होते. वर नदीचं अंग आवळायचं आणि खाली खाडीचा घसा, दोन्ही कामं आम्ही एकाच टेबलावर करत होतो. प्राध्यापकांना मी काही विचारलं नाही. त्यांना चहा नेऊन दिला.

आणि मग एका रविवारी दादा पेढे घेऊन आला. त्याने बदलापूरला फ्लॅट बुक केला होता. नदीच्या बाजूच्या इमारतीत, तळमजला. माझ्या साहेबांचं काम म्हणून त्याने डोळे झाकून बुक केला होता. "आपल्या पोरीने नकाशा काढलाय," तो आईला म्हणाला, "आपल्याला कोण फसवणार?"

मी म्हटलं, "दादा, वरचा मजला बघ ना. तळाला जरा ओल येते."

"आईचे गुडघे बघितलेस का? जिने कोण चढणार?"

"पाणीही येऊ शकतं थोडं."

"किती?"

हा प्रश्न आला तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. खिळा, पहार, मातीचे थर, खरवडलेली रेघ. सगळं ओठांवर होतं. पण आई पेढा हातात धरून बसली होती आणि रडत होती. घराण्यातलं पहिलं घर. ती दादाला विचारत होती, वरच्या अंगाला आहे ना रे? आणि दादा म्हणत होता, हो गं, दोन फुटांचं जोतं आहे. मला वाटलं, बेचाळीस इंच पाणी पन्नास वर्षांत एकदा आलं. आता पुन्हा कशाला येतंय? अशा हिशेबावर माणसं घरं घेतात आणि माझ्यासारखी माणसं घेऊ देतात. "थोडंसंच," मी म्हणाले.

चार-पाच वर्षं सुखात गेली, हे सांगायला हवं. आईने खिडकीखाली मोगरा लावला. वडील तिथेच वारले, स्वतःच्या घरात, आणि आईला त्याचंही समाधान वाटायचं. दादाचं लग्न झालं. मी साहेबांची नोकरी सोडली आणि अंबरनाथला शिवमंदिराजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन घरगुती ट्रेसिंगची कामं करायला लागले. लग्न केलं नाही. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. दर पावसाळ्यात मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून अमावस्या आणि पौर्णिमांवर खुणा करायचे. आई विचारायची, "तुला कधीपासून तिथ्या लागायला लागल्या? आपल्यात पाळतात का?" मी हसण्यावारी न्यायचे.

नव्वदच्या दशकात एका श्रावणी अमावस्येला ते झालं. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. दादा-वहिनी कामावर गेले होते, आई एकटी होती. सकाळी नऊच्या सुमारास अंगणात पाणी दिसलं, दहा वाजता ते उंबरा ओलांडून आत आलं. आईने चादरी कोंबून दार बंद केलं. मग पाणी न्हाणीघराच्या मोरीतून वर आलं. गाद्या, धान्याचे डबे, वडिलांची खुर्ची सगळं तरंगायला लागलं. आई ओट्यावर चढून बसली, मांडीत घराच्या कागदांची पिशवी घेऊन. साडेअकराला पाणी कमरेएवढं झालं, जोत्याचे दोन फूट धरले तर खिळ्याच्या मापाच्याही वर, आणि तिथे उभं राहिलं. चढेना, उतरेना. म्हातारी म्हणाली होती तसंच. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी खिडकीचे गज वाकवून आईला बाहेर काढलं. दुपारी तीन वाजून गेल्यावर, खाडीला ओहोटी लागल्यावर, पाणी हललं.

मी संध्याकाळी चालत, चिखल तुडवत पोचले. आई वरच्या शेजाऱ्यांकडे कोरडं लुगडं नेसून बसली होती. मला वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही. म्हणाली, "इथंही खालच्याच अंगाला आलो की गं." एवढंच. मला त्या क्षणी कुणी मारलं असतं तरी चाललं असतं.

आई त्या घरात परत गेली नाही. माझ्याकडे अंबरनाथला आली आणि इथेच राहिली. महिनाभराने, भांडी घासता घासता, मी तिला खिळ्याची गोष्ट सांगितली. वीस इंच कसे मोजले, अंगण कसं वर आलं होतं, माझं माप कसं चुकलं. तिने हातातलं ताट पुसून ठेवलं. मग म्हणाली, "तुला काय माहीत, बाई. तू तरी काय करणार होतीस?" पहारीने खणलं ते पेढ्यांच्या आधी की नंतर, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची मला किळस आली.

दादाने दोन वर्षांनी फ्लॅट विकायला काढला. बदलापुरात एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं की त्या इमारतींत पाणी शिरलं होतं. गिऱ्हाईक यायचं, भिंत बघायचं, निघून जायचं. दादाने एकदा सगळ्या भिंती रंगवल्या, तर लोकांना जास्तच संशय आला. मग त्याने एक युक्ती केली. जुन्या फरशीवर सव्वा फूट मुरूम टाकला, चोपला आणि वर नव्या लाद्या बसवल्या. दाराच्या चौकटी उचलल्या, ओटा उचलला. भिंती नव्याने रंगवल्या, पण कपाटामागच्या कोपऱ्यात पुराचा पिवळट डाग मुद्दाम तसाच ठेवला. जो डाग आईच्या कमरेला होता, तो आता गुडघ्याला आला. लपवलेलं माणसाला खोटं वाटतं आणि दाखवलेलं खरं, हे माझ्या भावाला कुणी शिकवलं नव्हतं. कुळगावची म्हातारी अंगण चोपायची ती चारजणींत मान राहावा म्हणून. आमच्याकडे मात्र सगळं ठरवून चाललं होतं.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी त्याने मला बोलावून घेतलं. "तू नुसती बस," तो म्हणाला. "आईला परत इथे यायचं नाही, मला आईला सोडून इथे राहता येत नाही. तुला यातून दुसरी वाट काढता येत असेल तर तू काढ." मी बसले. पोस्टात काम करणारा एक सज्जन माणूस आला होता, सोबत त्याची आई. तिला जिने चढवत नव्हते, म्हणून तळमजला हवा होता. दादाने त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं, हो, पाणी आलं होतं, आणि कपाट सरकवून डाग दाखवला. माणसाने वाकून पाहिला. त्याला पटलेलं दिसत होतं. पण त्याची आई माझ्याकडे वळली.

"तुम्ही इमारतींचे नकाशे काढता ना? तुमचे भाऊ म्हणाले मघाशी. तुम्ही सांगा, बाई. मोठा पूर आला तर कितपत येतं?"

ती मोठ्या विश्वासाने विचारत होती. तिच्या पायात निळ्या स्लिपर होत्या आणि गुडघ्यांना तिने लोकरीच्या पट्ट्या बांधल्या होत्या.

"गुडघ्याएवढं," मी म्हणाले. नव्या फरशीवरून मागच्या पुराचं माप तेवढंच होतं, पण खाडीत भराव पडतच होता आणि पुढचा पूर याच्या वर जाणार हे मला ठाऊक होतं.

"मग काही नाही," ती म्हणाली. "एवढं तर आमच्या गावीही यायचं."

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई दारातच बसली होती. व्यवहार ठरला हे ऐकून तिने सुस्कारा टाकला. मग विचारलं, "पाण्याचं विचारलं असेल त्यांनी."

"हो."

"कुठवर सांगितलंस?"

मी हाताने माझा गुडघा दाखवला. आईने माझ्या हाताकडे पाहिलं. कमरेएवढ्या पाण्यात ओट्यावर चढलेली बाई ती, तिला मापं सांगायची गरज नव्हती.

"त्या वेळची गोष्ट वेगळी होती," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या वेळी तुला माहीत नव्हतं."

मी हो म्हटलं आणि कणीक मळायला आत गेले.